चुकीचं लिहिलेलं पाप

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील सुटीच्या दिवशी सात रस्ता चौकात उभे राहून सुवार्तेची पत्रकं वाटत, उरलेली मी वाचत असे. त्यांत पाप ठळक अक्षरांत असायचं आणि ते नेहमी वाचणाऱ्याचं असायचं, लिहिणाऱ्याचं कधीच नाही. मी लिहायला तिथेच शिकलो.

पुण्याहून शिकून परतल्यावर मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका पंचांविरुद्ध पत्रक काढलं. आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेताना, अजून एकच प्याला फिरतो. सगळे पुढे जाऊन गुडघे टेकतात, पाळकसाहेब प्याल्याची कड पुसत एकेकाच्या ओठांना लावतात. हे पंच, आम्ही त्यांना काका म्हणतो, गेल्या पावसाळ्यापासून बाकावरच बसून राहायचे. त्याच सुमारास सफाईचं काम करणारं एक कुटुंब मंडळीत आलं होतं. मी दोन्ही गोष्टी जोडल्या. कुणाला काही विचारलं नाही. जात कुठे लपते हे मला बरोबर कळतं, अशी माझी खात्री होती.

'प्याला कुणामुळे बाटला?' असा मथळा दिला. नाव लिहिलं नाही, पण ओळख पटायला जागा ठेवली नाही. रविवारी उपासनेआधी प्रत्येक बाकावर एकेक प्रत ठेवली. काकांनी ती वाचली, घडी करून बायबलात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पंचपदाचा राजीनामा दिला. मला तो विजय वाटला.

त्या आठवड्यात, ज्या कुटुंबासाठी मी लढत होतो त्यातल्या कर्त्या माणसाने मला रस्त्यात गाठलं. गाडीवरून उतरलेही नाहीत.

"आमची बाजू घ्यायला कुणी सांगितलं तुला?"

"अन्याय दिसला तर—"

"कुटं दिसला? काका दर बुधवारी आमच्या घरी जेवत्यात. माझ्या ताटातली भाकरी मोडून खात्यात. इचारायचं तरी की लेका! आता सगळी मंडळी आमच्याकडं कीव आल्यागत बघाय लागली."

ते निघून गेले. मी तिथूनच काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, 'ये' म्हणाल्या नाहीत. काका शेंगा सोलत बसले होते.

"काका, मग तुम्ही प्याला का घेत नाही?"

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "गेल्या पावसाळ्यात गावाकडं, मोडनिंबला आई वारली. ती माझ्या घरी प्रार्थनेला बसायची, म्हणून मी म्हणलं पुरायची. थोरला भाऊ हिंदूच, त्यो म्हणला जाळायची. तिरडीपाशी मी त्याच्या कानफटात मारली. सगळ्या गावासमोर. भावाशी समेट केल्याबिगर प्रभूच्या टेबलाशी कसं जायचं? दोनदा एसटीत बसलो. मोडनिंब आलं, उतरवलंच न्हाय. पुढं टेंभुर्णीला उतरलो आन् माघारी आलो."

"पण माझं पत्रक खोटं होतं. तुम्ही तोंड का उघडलं नाही?"

"पापी तर मी हायच की. तू निस्तं पाप चुकीचं लिहिलंस."

"निस्तं?" काकू आतून म्हणाल्या. "भाजीवालीसुद्धा इचारती मला, तुमच्यात बी जातपात हाय व्हय म्हणून."

मी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागायचं ठरवलं. दोन पानं लिहिली आणि आधी काकांना दाखवायला नेली. सुरुवात अशी होती की मनुष्यमात्र पतित आहे, आपण सगळेच उतावीळपणे न्याय करतो, आपणा सर्वांना कृपेची गरज आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"लई झ्याक लिव्हलंयस. पण ह्या एवढ्या गर्दीत तू कुटं हायस?"

मला राग आला. माफी मागायला आलेल्या माणसाला येऊ नये इतका आला. घरी जाऊन मी दोन्ही पानांतून मला शोधलं. मी खरंच कुठेही नव्हतो.

रविवारी उभा राहिलो तेव्हा हातात कागद नव्हता. मी न विचारता लिहिलं. ते खोटं होतं. काकांची आणि त्या कुटुंबाची मी बेअब्रू केली, मला क्षमा करा. एवढं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी मी अर्धं पत्रक लिहितो. मथळ्याखाली स्वतःला पाहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. काका उठले, मला मिठी मारली आणि परत बाकावर जाऊन बसले. सफाईवाल्या कुटुंबातल्या त्या गृहस्थांनी लांबूनच मान डोलावली. पाळकसाहेबांनी सांगितलं, देवाने क्षमा केली आहे. माझा त्यावर विश्वास आहे.

बाहेर काकू चप्पल शोधत होत्या. मी त्यांच्यासमोर हात जोडले.

"ह्यांनी माफ केलं. देवानं बी केलं आसंल, त्याचं मन मोठं हाय," त्या म्हणाल्या. "माझं अजून व्हायचंय."

"मग मी काय करू, काकू?"

"काय करू नगंस. लिहू बी नगंस. पुढच्या रविवारी इचार."

पुढच्या रविवारी मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "अजून न्हाय."

त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं.