इंगेबोरने अडवलेलं इंजेक्शन

आमच्या त्रोनहाइम शहरातल्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डात इंगेबोर डॉक्टर आहे. काटकुळी, उंच, तोंडाची फटकळ. मी तिथली जुनी नर्स, आणि माझंही तोंड काही कमी नाही, म्हणून आमचं जमतं.

त्या हिवाळ्यात फ्रोया बेटावरचा कोळी टोरगायर आपल्या लेकीला, तिरिलला घेऊन आला. सहा वर्षांची पोर, उलट्या करकरून पार सुकलेली, डोकं दोन्ही हातांत गच्च धरलेलं. एमआरआयमध्ये मेंदूत डाग दिसला. अशा वेळी सूज उतरवायला स्टेरॉइड द्यायचं, ही आमची वहिवाटच. मी इंजेक्शन भरूनसुद्धा घेतलं.

"ठेव ते खाली," इंगेबोर म्हणाली.

"अगं, पोर तळमळतेय!"

"मला काय डोळे नाहीत? पण हा लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असला तर? मुलांच्या मेंदूत तो क्वचितच होतो, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही. स्टेरॉइड दिलं की विरघळतो. मग तुकडा काढून तपासला तरी हाती काही लागत नाही. सगळे खूश, आणि काही महिन्यांनी तो परत हजर! आधी तुकडा, मग औषध. मी सर्जनच्या मानगुटीवर बसून दुपारचीच वेळ घेते."

सूज थोडी तरी उतरावी म्हणून जास्त खारं सलाइन लावलं, पण तेवढ्याने भागेना. तिरिल कण्हतच होती. टोरगायर उसळला, "औषध समोर आहे आणि देत नाहीस? माणूस आहेस की दगड?"

इंगेबोर म्हणाली, "तिची शुद्ध हरपायला लागली तर त्या क्षणी देईन. तोवर नाही." आणि खुर्ची ओढून पोरीच्या उशाशीच बसली. सारखी हाक मारायची, पापण्या उघडून बघायची. बाई, काय छाती म्हणायची! मी असते तर केव्हाच देऊन टाकलं असतं.

दुपारी सुईने बारीकसा तुकडा काढला. तपासणीवाल्यांनी लगेच बघून कळवलं, लिम्फोमाच आहे. मग मात्र स्टेरॉइड इंगेबोरने स्वतः दिलं. पुढे केमो. डोक्यात पुन्हा सुई घालावी लागली नाही. केस गेले, तोंड आलं, पोर चिडून इंगेबोरला "चेटकीण" म्हणायची आणि ही खुशाल दात विचकून दाखवायची. डाग गेला तो परत आला नाही.

शेवटची तपासणी झाली त्या दिवशी टोरगायर चाचरत म्हणाला, "तेव्हा मी नाही नाही ते बोललो."

"बोललास ते बरंच केलंस," इंगेबोर म्हणाली. "तू ओरडत होतास म्हणून मी टिकले. रडला असतास ना, तर दिलं असतं रे मी ते इंजेक्शन."

टोरगायर तिथेच बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. इंगेबोर त्याच्या शेजारी बसून राहिली.