डोंगरातल्या झाडांचा चहा

परवा फळी आवरताना एक रिकामा पत्र्याचा डबा उघडला आणि ओल्या लाकडासारखा, थोडा मधासारखा वास आला. काही वर्षांपूर्वी गोमती नगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये अरुणाचलहून बदली होऊन एक मराठी कुटुंब आलं. पहिल्याच रविवारी तिथल्या वहिनींनी आम्हा दोघांना बोलावून बिनदुधाचा, सोनेरी चहा दिला. “डोंगरातल्या जुन्या झाडांचा आहे हं. वर चढून पानं खुडावी लागतात. थंडीधुक्यात सावकाश वाढतात, म्हणून कडू होत नाहीत.” ह्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी, अजून एक कप मिळेल?” वीस वर्षांत माझ्या आल्याच्या चहाला हे भाग्य लाभलं नव्हतं! माझा नुसता जळफळाट झाला. निघताना वहिनींनी त्याच चहाचा हा डबा माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ती पानं दूध, साखर, आलं घालून चांगली खळखळ उकळली. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता कप संपवला. “हाच तो कालचा,” मी म्हटलं. “अच्छा? आपल्या नेहमीच्यासारखाच लागतो की!” जिंकले मी. मग रोज तसाच उकळून डबा संपवत आणला. शेवटची चिमूट मात्र हे बँकेत गेल्यावर नुसत्या गरम पाण्यात टाकून एकटीने प्यायले. घोट गिळल्यावरही घशात कितीतरी वेळ गोडवा राहिला. त्याच पानांवर मी चारदा पाणी ओतलं. परवा तो डबा नाकाशी धरून उभी होते, तर बाहेरून ह्यांनी विचारलं, “कसला गं छान वास येतोय?” “कसलाही नाही,” मी म्हणाले आणि झाकण घट्ट लावलं.