गरम बर्फ

बर्फाविषयी आमच्या अख्ख्या अकोल्यात सर्वांत जास्त माहिती कोणाला असेल, तर ती माझ्या दुकानात खोळी शिवणाऱ्या बाईच्या मुलीला होती. वय साडेपाच, बर्फ पाहिल्याचा अनुभव शून्य. तिचे वडील फौजेत, वर कुठेतरी बर्फात असत. माझं दुकान गादी-रजईचं. बालवाडी सुटली की ती थेट येऊन रुईच्या ढिगात बसायची आणि गिऱ्हाइकांना तिकडच्या हकिकती सांगायची. तिच्या मते बर्फ डोंगरावर मोठ्या मशीनने पिंजतात. मशीनचं दार उघडं राहिलं की तो सगळीकडे उडतो, त्यालाच बर्फ पडणं म्हणतात. त्यात नवा आणि जुना असे दोन प्रकार. जुन्याच्या गाठी होतात, तो पुन्हा पिंजावा लागतो. वडिलांनी कमरेइतक्या बर्फात उभं राहून काढलेला फोटो ती आईच्या मोबाइलवर सगळ्यांना दाखवायची. "पहा, माहे बाबा गादी भरून राहिले." पातूरहून लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग थंडी नाही वाजत का त्यायले?" त्याची कीव आल्यासारखं पाहत ती म्हणाली, "रुईत थंडी वाजते का, आबाजी? बर्फ गरम राह्यते."

मला असलं काही खपत नाही. एक दिवस मी तिला घरात नेलं, फ्रीजरच्या कडेचा बर्फ चमच्याने खरवडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने हात झटकला, फ्रॉकला पुसला आणि फ्रीजमध्ये डोकावून पाहिलं. "मावशी, यातली वांग्याची भाजीबी थंडच हाये. फ्रीज थंड हाये तुमचा. बर्फाले काहून बोलता?" बावीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलते आहे; मी फ्रीजचं दार लावून घेतलं.

मग एका जानेवारीत नऊ दिवस फोन आला नाही. तिकडचे रस्ते बंद आहेत, एवढं टीव्हीवर कळत होतं. तिची आई रोज वेळेवर यायची आणि मान खाली घालून शिवत बसायची. पाचव्या दिवशी तिने एका गादीची खोळ चारही बाजूंनी शिवून टाकली. रुई भरायला तोंडच ठेवलं नाही. मुलगी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "आई, फिकर नको करू. बाबा झोपून राहिले असतील. एवढी मोठी रजई पडली अंगावर, उठावं वाटते का कोणाले?"

शिलाई मशीन थांबली. रुई भरणाऱ्या दोन्ही कारागिरांनी माना फिरवल्या. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय ते माहीत नव्हतं. मी कात्री तिच्या आईपुढे सरकवली. "ती खोळ एका बाजूनं उसव आधी." तिने उसवली.

दहाव्या दिवशी फोन आला, फौजेच्या दवाखान्यातून. माणूस सुखरूप होता. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. सुट्टीवर आला तेव्हा तो दुकानात पाय स्टुलावर ठेवून बसला. लेकीने हात न लावता तो पाय सगळ्या बाजूंनी पाहिला. मला वाटलं, आता रडते.

"बाबा, तिकडची रुई वली असन," ती म्हणाली. "मावशी त वली रुई घेतच नाही. वापस पाठवते."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "वलीच निघाली, बाप्पा. पुढच्या वेळी पाहून घेतो." बर्फ म्हणजे ओली रुई नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते बंद केलं.

आता ती चौथीत आहे. शून्य अंश वगैरे शाळेनेच शिकवलं, मला काही करावं लागलं नाही. रुईच्या ढिगात बसत नाही, कपड्यांना लागते म्हणते. वडील पुन्हा वर गेले आहेत. या हिवाळ्यात मीच तिला विचारलं, "काय गं, पडला का तिकडं बर्फ?"

"पडला," ती म्हणाली. लगेच तिने गृहपाठाची वही उघडली.

रविवारी व्हिडिओ कॉल येतो. ती आधी वडिलांना मोजे काढायला लावते. तिकडे तो निमूटपणे एकेक पाय कॅमेऱ्यासमोर धरतो, इकडे ही मोबाइलच्या काचेवर बोट ठेवून त्याची बोटं मोजत जाते. आठ भरली की मग विचारते, "जेवले का, बाबा?"