उशिरा पडणारी ठिणगी

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात आमच्या भागातली कारखान्याची बस मोठ्या रस्त्यावरच थांबते. आत वस्तीत येत नाही. का, तर म्हणे रस्ता अरुंद आहे. त्याच रस्त्यानं मालाचे ट्रक आत येतात तेव्हा तो आपोआप रुंद होतो. हे मी आमच्या संघटनेच्या पत्रकात ठळक टाइपात लिहिलं होतं. पत्रकांचं शेवटी जे होतं तेच त्याचं झालं, त्यात भजी बांधली गेली.

“पत्रक वाचून कोणी शिफ्टला पोचत नाही,” असं म्हणून अक्कानं तिची जुनी व्हॅन बाहेर काढली.

अक्का म्हणजे माझी घरमालकीण. तिचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आले. तिचं मराठी निम्मं कन्नड. माझं पुण्याचं. त्याला ती ‘लॅपटॉपचं मराठी’ म्हणते.

पहाटे अंधारात वस्तीतल्या बायकांना ती बसपर्यंत सोडायची. त्यांत ओडिशाची एक मुलगी होती, नोकरीत अजून कायम न झालेली. एकदा उशीर झाला तेव्हा तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं, पुन्हा बस चुकली तर यायची गरज नाही. एका बसवर माणसाचं पोट टांगून ठेवतात आणि वर त्याला शिस्त म्हणतात.

अशात व्हॅनच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं आणि तो मेला. तसाच दुसरा कुठे मिळेना. शेवटी अक्कानं इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून बाहेरच्या कंपनीचा एक आणला, कुठल्याही इंजिनाला चालणारा. फक्त त्याला सगळं आपणच शिकवायचं: पेट्रोल किती, ठिणगी कधी. घरात लॅपटॉप माझा, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. गाडी सुरू व्हायची, पण सायलेन्सरमधून फटाक्यांसारखा फटफट आवाज, आणि चढ दिसला की रडगाणं. शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, “कोण निवडून आलं?”

ठिणगीचा हिशोब साधा आहे. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी ती पडली पाहिजे. उशीर झाला की निम्मा जोर धुराड्यातून जातो आणि इंजिन नुसतं तापतं. कॉम्प्युटरला मी सांगितलं होतं, ठिणगी दहा अंश आधी धरून ठेव, हलू नकोस. तो स्क्रीनवर दहा दाखवत होता. पण खरंच दहावर पडतेय का, हे दिव्यानंच कळतं. पिस्तुलासारखा दिवा असतो. ठिणगी पडली की तो लखलखतो आणि फिरत्या चाकावरची पांढरी खूण उभी राहिल्यासारखी दिसते. दिवा अक्काच्या हातात, लॅपटॉप माझ्या मांडीवर, आणि मध्ये ते बोंबलणारं इंजिन.

“दहावर कुठली! स्वल्प मुंदे!” अक्का ओरडली.

मुंदे म्हणजे पुढे, एवढं कन्नड मला बसच्या कंडक्टरनं शिकवलं होतं. आणि पुढे म्हणजे काय, ते सरकारी कचेऱ्यांनी. आमची प्रत्येक सुनावणी पुढे गेलेली. पुढे म्हणजे नंतर, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. मी ठिणगी आणखी उशिरा केली.

फट. फट.

“अजून मुंदे!”

मी अजून उशीर केला. इंजिन कण्हायला लागलं.

“तुला ऐकू येत नाही का गं?”

“तू म्हणतेस तेच करतेय!”

मग आम्ही वायरींवर घसरलो. सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या असतील म्हणून त्या काढून तपासल्या. बरोबर होत्या. प्लग पुसले. तेवढ्यात त्या मुलीचा फोन. “दीदी, कल गाड़ी आएगी ना?” मी ‘हो’ म्हणाले. पत्रक लिहिणाऱ्याला न बघता आश्वासन देणं जमतंच.

अक्कानं इंजिन बंद केलं आणि कपाळ पुसलं. “अशीच राहिली तर ढकलत नेऊ. उद्या स्वल्प मुंचे निघू.”

“मुंदे? उशिरा निघून तिचं काम घालवायचंय का तुला?”

“उशिरा कोण म्हणालं? मुंचे. आधी. लवकर.”

“मुंचे?”

“मग इतका वेळ दुसरं काय ओरडतेय मी? मुंचेच!”

आम्ही दोघींनी लॅपटॉपकडे पाहिलं. मग अक्का खाली बसली आणि इतकी हसली की दिवा बाजूला ठेवावा लागला. “तू पण ऑफिसरच झालीस की गं. मी लवकर म्हणते, तू तारीख देतेस.”

हे मला झोंबलं. अजून झोंबतं.

मी आकडे उलट्या बाजूला नेले. ओरडाओरडी बंद. अक्कानं अंगठा वर केला की ठिणगी आधी, खाली केला की नंतर. खूण हळूहळू सरकत दहावर आली आणि तिथंच थांबली. अक्कानं रेस दिली तरी हलली नाही. फटफट थांबली. काका आत गेले.

सोमवारी पहाटे व्हॅन चढ न कुरकुरता चढली. बस अजून उभीच होती. दारात हजेरी घेणारा साहेब आमच्याकडे बघून खूश झाला. “सोय झाली ना तुमची? आता बस आत आणायला कशाला सांगता?”

माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. ती मुलगी माझ्या आधी बोलली. “गाड़ी इनकी है, साब. बस आपकी है. बस ही आनी चाहिए.”

त्यानं यादीत बघून तिच्या नावापुढे खूण केली. ती चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.