चाक ठोकणाऱ्याचं उकुलेले

मधल्या बोटाचं पेर वाकवून समोरची वस्तू ठोकायची, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा: "बोलतंय," किंवा "मुकं हाय." कलिंगड असो, माठ असो, माझ्या ऑफिसातलं टेबल असो. एकदा स्टेशन मास्तरांची नवीकोरी खुर्ची आप्पांनी सगळ्यांदेखत मुकी ठरवली आणि महिन्याभरात तिचा पाय निखळला. तेव्हापासून दौंड स्टेशनात आम्ही सगळे त्यांच्या त्या बोटाला जरा वचकूनच असायचो.

तुम्ही दौंडवरून गेला असाल तर इंजिन बदलेपर्यंत खिडकीत बसून तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस प्रत्येक डब्याची चाकं ठोकत जातो, तो. टण्ण वाजलं की चाक धड, भद्द वाजलं की कुठेतरी चीर. आप्पांनी हे तीस वर्षं केलं. गाव मांडवगण फराटा, घरचं मेंढरांचं. वडील घंटीच्या आवाजावरून कळपातलं मेंढरू ओळखायचे, तोच कान आपल्याला आला असं ते सांगत. मी तिथल्या पार्सल ऑफिसात कारकून. मला ते "बाबू" म्हणायचे. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रिटायर झाल्यावर आप्पा यार्डामागच्या एका खोलीत एकटे राहायचे. बायको आधीच गेलेली. मुलगा रांजणगावला कंपनीत, शिफ्टमधून सवड झाली की दोन-दोन महिन्यांनी मोटरसायकलवर यायचा आणि चहा पिऊन जायचा. एक दिवस आप्पा ऑफिसात आले, खिशातून घडी पडून मऊ झालेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यावर एकच शब्द होता, उकुलेले.

म्हटलं, हे काय? तर म्हणाले, वाजवायचं असतं. चार तारांचं, लहान मुलाच्या गिटारीएवढं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते एक लांब पल्ल्याची गाडी ठोकत होते. एका चाकावर हातोडी मारली, आणि खिडकीतल्या पोराने मांडीवरच्या वाद्यावर नेमका तोच सूर छेडला. आप्पांनी दुसरं चाक ठोकलं. त्याने तो सूर लावला. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हा खेळ चालला. गाडी सुटताना त्या पोराने वाद्याचं नाव कागदावर लिहून दिलं होतं.

"तीस वर्सं ठोकलं बाबू," आप्पा म्हणाले, "तवा पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं."

मग खरी गोष्ट सांगितली. डावा कान गेला होता आणि उजवाही चालला होता. डॉक्टरने दीड-दोन वर्षं सांगितली होती. "समदं मुकं व्हायच्या आत घरात एक चांगला आवाज आणायचाय. हजाराच्या आत बसंल का?" मला कुठलं ठाऊक? पण नाही म्हणवेना. रविवारी आम्ही दोघं शटलने पुण्याला गेलो.

पेठेतल्या दुकानदाराने चार उकुलेली काउंटरवर मांडली. पहिलं लालभडक, त्यावर नारळाच्या झाडाचं चित्र. मला तेच आवडलं. आप्पांनी पाठीवर पेर ठोकलं आणि बाजूला सारलं. दुसरं चकचकीत. दुकानदार त्याचं कौतुक सांगत असतानाच आप्पांचा निकाल आला, पॉलिश लय, आवाज गुदमरतोय. तिसरं ठोकून पसंत पडलं, पण त्यांनी मला वाद्याच्या गळ्यावरच्या प्रत्येक पट्टीवर तार दाबून छेडायला लावली आणि एका ठिकाणी किरकिर पकडली. वर खुंटी पिळून बघितली तर ती सैल. "ब्रेक असा सैल असता तर गाडी सोडली असती का?" दुकानदाराने कपाळाला हात लावला.

चौथं साधं, हलकं, रंग न दिलेलं. कडेला ओरखडा होता. आप्पांनी ठोकलं, मग उजवा कान लाकडाला लावून मला चारही तारा एकेक करून वाजवायला सांगितल्या. त्यानंतर दुकानदाराला वाजवायला लावून मला रस्त्यावर उभं केलं, कारण जवळचा आवाज फसवतो म्हणे. मी बाहेरून मान हलवली. दुकानदार खालच्या आवाजात मला म्हणाला की चारांत आवाजाला खरं हेच, ओरखड्यामुळे कुणी घेत नव्हतं. नऊशेला दिलं आणि सूर लावायची, प्रत्येक तारेचा सूर देणारी एक छोटी शिट्टीही वर दिली. परतीच्या गाडीत आप्पांनी ते मांडीवर धरलं होतं, तिकीट तपासनीसालासुद्धा हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतंय तोच आप्पा दारात. उकुलेले टॉवेलात गुंडाळलेलं आणि चेहरा उतरलेला. काल बोलत होतं ते आज बोलत नव्हतं. "कानानं दगा दिला, बाबू. डॉक्टर दोन वर्सं म्हणला हुता, दोन दिस बी न्हाई दिलं."

मी एसटीडी बूथवर जाऊन दुकानदाराला फोन लावला तर तो हसायला लागला. नवीन तारा ताणतात, आठ-दहा दिवस उतरत राहणार, रोज पिळून घ्या म्हणाला. आप्पांचा सगळा जन्म लोखंडात गेलेला. आदल्या दिवशी टण्ण वाजणारं चाक दुसऱ्या दिवशीही टण्णच वाजायचं, तार उतरते हे त्यांना कोण सांगणार? मी येऊन सांगितलं, कान ठीक आहे आप्पा, तारच उतरलीय. ते स्टुलावर बसले आणि त्याच टॉवेलाने डोळे पुसले. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढची दीड वर्षं त्यांनी ते रोज वाजवलं. गाणं असं नाहीच. यार्डात कुणी चाक ठोकलं की खोलीतून तोच सूर यायचा. हातोडीवाल्या नव्या पोरांना त्याची सवय झाली होती.

मग उजवा कानही गेला. मी एका रविवारी गेलो तेव्हा ते हनुवटी लाकडाला टेकवून, डोळे मिटून वाजवत होते. तारा पार उतरल्या होत्या, ऐकवेना. "कसं बोलतंय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, चांगलं. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. इतकं पारखून घेतलेला आवाज, आणि मी त्यावर खोटं बोललो.

पुढच्या रविवारी ते पाठ करून स्टोव्हवर चहा ठेवत होते, तेवढ्यात मी, त्यांना रोज करताना पाहिलं होतं तशी, ती शिट्टी फुंकून तारा पिळून ठेवल्या. मग दर रविवारी तेच. त्यांना पत्ता लागत नाही या समजुतीत मी सात-आठ महिने काढले. एकदा हनुवटी टेकवल्या टेकवल्या म्हणाले, "चहाच्या टायमाला तुमी पिळता. हनुवटीला कळतंय मला." माझा चेहरा बघून हसले. "बोललो न्हाई. म्हटलं, त्या निमित्तानं येता."

मी चहाच्या कपात बघत बसलो. मीही एकटाच राहायचो, क्वार्टरात रविवारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

त्या थंडीत मुलगा त्यांना रांजणगावला घेऊन गेला. उन्हाळ्यात तोच एकटा आला. टॉवेलात गुंडाळलेलं उकुलेले माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, आप्पा गेले, जायच्या आधी हे बाबूला द्या म्हणाले होते.

अजून मी रविवारी शिट्टी फुंकतो, चारही तारा लावतो, पाठीवर मधल्या बोटाच्या पेराने एकदा ठोकतो. चांगलं बोलतंय, आप्पा. पण कसं बोलतंय म्हणून मला कोणी विचारत नाही, म्हणून हे तुम्हाला सांगितलं.