मागच्या गाडीचं स्टिअरिंग

मार्चअखेरीस ॲरिझोनाचं वाळवंट तापू लागतं आणि क्वार्टझाइटच्या माळावर हिवाळाभर ठाण मांडून बसलेली मोटरहोम्स, म्हणजे चाकांवरची घरं, एकेक करून उत्तरेकडे निघून जातात. वर्ना हॅस्केलचं मात्र जागचं हललं नव्हतं.

"इथंच भाजून निघायचा बेत आहे का तुझा?" शेजारच्या गस टिबेट्सने विचारलं. "माझा ट्रेलर ने. तुझी मागची छोटी गाडी त्यावर चढव, चारी चाकं पट्ट्यांनी आवळ. मग मागे बघायलाच नको."

"आणि मुक्कामाला तो ट्रेलर ठेवू कुठं? डोक्यावर? लायल त्याला गाडीची शवपेटी म्हणायचा."

लायल, तिचा नवरा, अकरा वर्षं छोटी गाडी मोटरहोमच्या मागे, तिच्याच चारी चाकांवर ओढून नेत आला होता. लोखंडी दांडी तो जोडायचा, मग छोट्या गाडीत बसून गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा, हँडब्रेक सोडायचा आणि किल्ली एक घर फिरवून स्टिअरिंग मोकळं करायचा. शेवटी हाळी द्यायचा, "चल, राणी!" त्यानंतरच पुढे वर्ना मोटरहोम हलवायची. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागच्या रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग वळणावळणाला आपोआप फिरताना दिसे. "भाऊ चालवतोय माझा, फुकटात," शेजारी येऊन बसलेला लायल म्हणे आणि दोघं हसत.

जानेवारीत मुक्काम हलवताना हाळी आलीच नाही. वर्नाने हॉर्न दाबला. मग पुन्हा, चांगला लांबलचक. "झोप लागली का मेल्याला?" ती पुटपुटली. उतरून मागे गेली, तर लायल छोट्या गाडीत किल्लीवर हात ठेवून बसलेला होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेला. हॉर्न बहुधा ऐकलाच नसेल. त्या 'बहुधा'ने वर्नाची झोप नेली. आपला शेवटचा शब्द म्हणजे तो वैतागलेला हॉर्न.

त्या दिवशी गसने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून तिच्या हातात दिली. तेव्हापासून गाडी दांडीला तशीच होती. वर्ना त्या सीटवर बसली नव्हती. ते फिरणारं स्टिअरिंग आता एकटीने बघायचं, याचीच तिला धडकी भरली होती. ट्रेलरवर बांधलेल्या गाडीचं स्टिअरिंग फिरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी ती निघाली, लायलच्याच पद्धतीने. दारातून वाकून तिने हँडब्रेक तेवढा सोडला, सीटला अंगही लागू दिलं नाही.

माळ संपून डांबरी रस्त्याला लागताना पहिलं वळण आलं. तिने पडद्याकडे पाहिलं. स्टिअरिंग जागचं हललं नाही. 'बरं झालं, कुणी नाही,' तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली. मग जळक्या रबराचा वास आला आणि तिने मोटरहोम थांबवली. छोट्या गाडीची पुढची चाकं फरफटत आली होती. किल्ली तिच्या खिशातच होती, स्टिअरिंग अजून जखडलेलंच.

धापा टाकत गस मागून आला. "सांगत होतो ना! ट्रेलर—"

"गप्प बस. पुढे जा, मोटरहोममध्ये बस आणि मी हात केला की हॉर्न दाब. दोनदा. दुसरा लांब."

गस मोटरहोमच्या दाराकडे वळला.

वर्ना छोट्या गाडीच्या सीटवर बसली. सीट लायलच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. समोर मोटरहोमची पाठ, तिच्यात घरघरणारं इंजिन. तिने किल्ली एक घर फिरवली, हात तिथंच राहू दिला आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून हलवला.

हॉर्न वाजला. इंजिनाच्या घरघरीतून तो कसाबसा पोचला, कुणी लांबून नावाने बोलवावं तसा. मग दुसरा, लांबलचक. त्यात राग ओळखू येत नव्हता.

बऱ्याच वेळाने गस खिडकीशी आला. "ऐकू आला?"

"आला."

"मग? आणू ट्रेलर?"

"नको. चाकं तेवढी बघ फिरताहेत का, आणि आरोळी ठोक."

"काय म्हणू?"

"नुसतं 'चल' म्हण. पुढचं मला माहीत आहे."

किल्ली तशीच ठेवून वर्ना मोटरहोममध्ये परतली. पुढच्या वळणावर पडद्यात रिकाम्या सीटसमोरचं स्टिअरिंग सावकाश, अर्धा फेरा फिरलं. वर्नाच्या अंगावर काटा आला. वळण संपेपर्यंत ती वेग न वाढवता चालवत राहिली.