नूरभाभी आणि झाडावरचा सासाबोन्साम

नूरजहाँभाभीकडून बांगड्या भरल्या न्हाईत अशी बाई पौडच्या आसपास सापडायची न्हाई. नवरा रमजान लवकर गेला, तवापासून टोपली घेऊन ही बाई भुकूमपासून पार वर धरणापर्यंत चालायची. तिच्या जिभेला हाड न्हाई. मला तर तोंडावर म्हणायची, "हैबतराव, तुमची जीप तुमच्यासारकीच. आवाज लई आन पळती कमी." गावात माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती न्हवती, पण तिच्यापुढं मी गप बसायचो.

ब्याऐंशी साली भातकापणीच्या वक्ताला तिनं पडवीतली खोली एका परदेशी पोराला भाड्यानं दिली. क्वेकू त्याचं नाव. आफ्रिकेतल्या घाना देशाचा, पुण्यात शेतकी शिकायचा, आंबेमोहर बघायला हिकडं आलेला. शेजारच्या चंद्राबाईचा एकुलता वाल्मीक, वीस वर्षांचा दांडगा गडी, त्याला शेतं दाखवत हिंडायचा. क्वेकू त्याच्याकडनंच मराठी शिकला, तेही आमच्यासारकंच रांगडं.

क्वेकूकडं एक खेळ व्हता, लंडनच्या चुलतभावानं धाडलेला. पट न्हाई, सोंगट्या न्हाईत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आन आता काय करणार ते बोलायचं. जमलं का फसलं ते फासा ठरवणार. मला विचाराल तर रिकामटेकडा धंदा! पण खेळाच्या पुस्तकातले राक्षस समदे गोऱ्यांचे, म्हणून क्वेकूनं आपल्या आजीच्या गोष्टीतला एक आणला. सासाबोन्साम. दाट रानात उंच झाडावर बसतो, लांबलचक पाय खाली सोडून. पावलांना लोखंडाचे आकडे. खालनं माणूस गेला की वर उचलला.

भाभी खूश झाली. "मग त्याला हितं आणू की!" म्हणाली. खेळात त्याला देवराईत तिनंच बसवला. आमच्या देवराईतली काटकीसुदा कुणी आणत न्हाई, तवा जो फांदी तोडंल त्यालाच त्यानं धरायचं, असं ठरलं. जीव मोजायला तिनं दरएकाला वाटीभर चिंचोके दिले. मार बसला की वाटीतले काढायचे, वाटी रिकामी झाली की वीर मेला. रोज तिन्हीसांजेला पडवीत हा धुडगूस चालायचा. चंद्राबाई तांदूळ निवडत बसायची आन समदं बघायची.

एका मंगळवारी वाल्मीकच्या वीरानं देवराईत फांदी तोडली. सासाबोन्सामनं त्याचा उजवा पाय धरला. चिंचोके निघत निघत वाटीत दोन उरले, तवा बाकीचा खेळ उद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्मीक बांधावर आडवा. पोटात उजवीकडं कळ, अंगात ताप, आन उजवा पाय पोटाशी घेतलेला. सरळ कराय गेलं की किंचाळायचा. गावच्या डॉक्टरला बोलावलं, त्यानं पोट दाबून बघितलं. "अपेंडिक्स हाय. फुटलं तर खेळ खल्लास. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या."

मी जीप काढली. पोराला मागं निजवलं. इंजन चालू केलं आन बघतोय तर चंद्राबाई पुढच्या चाकाला मिठी मारून बसलेली!

"त्यानं पाय धरलाय," म्हणाली. "असाच वढून न्हेला तर वाटंत मरंल माझं लेकरू. आधी सोडवा."

तिचा नवरा कोंडाजी नि मी, दोघांनी तिला उचलायला बघितलं. तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. मी शिव्या दिल्या, त्या हितं सांगत न्हाई. मागनं पोरगं कण्हत व्हतं, "आये, न्हाई सोडत गं त्यो." म्हणजे आय तशी लेकरू!

क्वेकू धावत आला. वाल्मीकची वाटी आणली, तिच्यासमोर मूठभर चिंचोके वाटीत ओतले. "बघ मावशी, भरली."

"मला येडी समजतोस व्हय रं? तूच काढलेस, तूच घालतोस. त्यानं सोडला का? त्यो सोडतो कसा, ते सांग."

क्वेकूच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... ते मी अजून ठरवलं न्हाई. आजीच्या गोष्टीत त्यो सोडत न्हाई."

अरे गाढवा! खोटं बोलायला काय जात व्हतं तुझं? पण बोलून बसला. चंद्राबाईनं असा हंबरडा फोडला की आख्खी आळी दारात आली. मागं वाल्मीकला वांती झाली. डॉक्टर ओरडत व्हता, मी हॉर्न बडवत व्हतो, आन चाक काही सुटंना.

तवा भाभी पडवीतनं उतरली. हातात स्वतःची वाटी, तिच्यात भरपूर चिंचोके. ती जीपसमोर धुळीत बसली.

"चंद्रा, त्याला माणूस पायजे. कुणी आपणहून झाडाखाली जाऊन हुबं राहिलं, तर धरलेल्याला सोडतो. असा कायदा. क्वेकू, हाय का न्हाई?"

क्वेकूनं तिच्याकडं बघितलं. "हाय."

"कोण जाणार?" चंद्राबाईनं विचारलं.

दारातनं भाभीची लेक हसिना धावली. पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. "अम्मी, नको! तुला माझी आण!"

भाभीनं तिच्याकडं बघितलंच न्हाई. वाटी कलती करताना चार चिंचोके मातीत सांडले. तेही वेचले. "तौबा, तौबा," पुटपुटली, आन आपली आख्खी वाटी वाल्मीकच्या वाटीत रिकामी केली. "मी गेले झाडाखाली. त्याला सोड म्हणावं."

चंद्राबाई रिकाम्या वाटीकडं बघत राहिली. मग चाक सोडलं, भाभीच्या पायावर डोकं ठेवलं आन जीपमध्ये चढली. मी जीप अशी हाणली की भूगावच्या वळणावर दोन चाकांवर गेली.

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाला, फुटायच्या बेतातच व्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडात आलो तो सरळ भाभीच्या दारात. म्हटलं, आता चिडवू हिला, काय नाटक केलंस गं बया! दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले. अंगावर ईदची साडी. घर सारवून लख्ख केलेलं, बांगड्यांची टोपली हसिनाच्या खाटंजवळ ठेवलेली.

"वाल्मीक?"

"वाचला."

"अल्लाचं शुक्र हाय," म्हणाली, आन भिंतीला धरून हळूच खाली बसली. मग माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "हैबतराव, हसिनाची सुटका होईस्तोवर तरी थांबंल का वो त्यो झाडावरचा?"